पीठ बघून धान्य ओळखायचं

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. डेरिव्हेटिव्हची गणितं ती चहा पिता पिता सोडवते. पण इंटिग्रेशन आलं की पेन खाली ठेवते. पुस्तकातलं सगळं इंटिग्रेशन तिने दोनदा सोडवलंय, वही मी स्वतः बघितली आहे. तरी प्रिलिमला त्याच धाटणीची गणितं अडली. घरी येऊन तेच गणित पाच मिनिटांत सोडवून दाखवलं! मी आर्ट्सची, मला यातलं कळत नाही. पण कुतूहल आहे. तिचे सर म्हणतात, इंटिग्रेशन म्हणजे डेरिव्हेटिव्हचं उलटं. मग सुलटं येतं त्याला उलटं का येत नाही? आणि जे घरी येतं ते परीक्षेत कुठे जातं?
– एक आई, तासगाव

उत्तर : ताई, आर्ट्सची म्हणून माघार घेऊ नका. बारावीच्या वर्गात मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, पण 'उलटं का येत नाही' हे मला तिथे फार थोड्यांनी विचारलं. बाकीच्यांना फक्त 'येणार का पेपराला' एवढंच हवं असायचं.

पिठाच्या गिरणीत चला. गव्हाचा डबा दिला की गव्हाचं पीठ मिळतं, ज्वारीचा दिला की ज्वारीचं. गिरणीवाल्याला त्यात डोकं चालवावं लागत नाही, वरून ओतलं की खालून येतं. डेरिव्हेटिव्ह म्हणजे ही गिरणी. (मराठी पुस्तकांत त्याला विकलन म्हणतात आणि इंटिग्रेशनला संकलन. पण तुमच्या लेकीच्या कानावर हे शब्द क्वचितच पडले असतील, म्हणून वर्गातलेच शब्द ठेवतो.) गुणाकाराचा नियम, भागाकाराचा नियम, चेन रूल आणि मूळची सूत्रं एवढं सामान असलं की बारावीच्या पुस्तकातलं कितीही वेडंवाकडं फंक्शन दळून निघतं. पान भरेल, हात दुखेल, पण गिरणी अडणार नाही.

इंटिग्रेशनमध्ये समोर पीठ ठेवतात आणि विचारतात, हे कोणत्या धान्याचं? इथे गिरणी कामाची नाही. चिमूट घेऊन बोटांवर चोळून बघावी लागते. बाजरीचं रंगावरून कळेल. तांदळाचं आणि शिंगाड्याचं शेजारी शेजारी ठेवलं तर जुना हातही क्षणभर थांबेल.

हे खरंच कसं दिसतं ते मुलीला शेजारी बसवून बघा. एक्सच्या जागी मी 'क्ष' लिहितो. अंशात १ आहे आणि छेदात क्ष² + ४क्ष + ३. दुसऱ्या गणितात अंशात तोच १, छेदात क्ष² + ४क्ष + ४. तिसऱ्यात पुन्हा १, छेदात क्ष² + ४क्ष + १३. तिन्हींत फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. पण पहिल्यात छेदाचे अवयव पडतात, (क्ष + १) आणि (क्ष + ३), म्हणून पार्शल फ्रॅक्शन करायचं आणि उत्तर लॉगमध्ये येतं. दुसऱ्यात छेद म्हणजे (क्ष + २) चा पूर्ण वर्ग, म्हणून साधा घाताचा नियम लागतो आणि उत्तर येतं वजा १ भागिले (क्ष + २). तिथे लॉगचं नावही नाही. तिसऱ्यात अवयव पडत नाहीत. वर्ग पूर्ण करून (क्ष + २)² + ९ लिहावं लागतं आणि उत्तर टॅन इन्व्हर्समध्ये जातं. आता चौथं बघा. छेद तिसऱ्याचाच, क्ष² + ४क्ष + १३, पण अंशात १ ऐवजी २क्ष + ४. छेदाचं डेरिव्हेटिव्ह नेमकं अंशात येऊन बसलंय, म्हणून उत्तर एका ओळीत, थेट छेदाचा लॉग.

चार गणितं एकाच घरातली भावंडं दिसतात आणि चौघांचे स्वभाव चार. डेरिव्हेटिव्ह काढायला ही चारही दिली असती तर एकच नियम चालला असता. म्हणून तिला एक येतं आणि दुसरं अडतं. बुद्धी तीच, मेहनत तीच. एका ठिकाणी नियम पाळायचा असतो आणि दुसऱ्या ठिकाणी आधी ओळख पटवायची असते.

आणखी एक गंमत सांगतो, ही मात्र परीक्षेला येत नाही. सगळ्या पिठांचं धान्य सापडतंच असंही नाही. 'ई रेज टू क्ष' ला क्ष ने गुणलं तर इंटिग्रेशन बाय पार्ट्सने सुटतं. क्ष गुणिले 'ई रेज टू क्ष²' असेल तर क्ष² च्या जागी टी घालून दोन ओळींत सुटतं. पण तो बाहेरचा क्ष काढून घेतला आणि नुसतं 'ई रेज टू क्ष²' उरलं, तर बारावीच्या सूत्रांतलं काहीही कसंही जोडलं तरी त्याचं उत्तर लिहिता येत नाही. हात कमी पडतो म्हणून नव्हे, तसं उत्तर अस्तित्वातच नाही म्हणून. फ्रेंच गणिती जोसेफ लिऊव्हील यांनी १८३० च्या दशकात हा प्रांत उलगडला. दिसायला सोपं ते सुटत नाही आणि दिसायला अवघड ते दोन ओळींत जातं, हे एकदा कळलं की मुलं घाबरायची थोडी कमी होतात, असा माझा अनुभव आहे. पुस्तकात दिलेलं पीठ मात्र हमखास कुठल्यातरी धान्याचं असतं, एवढा भरवसा मुलीला द्या.

शेवटी लावायच्या 'अधिक सी' चं कोडंही गिरणीतच सुटतं. क्ष² + ५ दळा नाहीतर क्ष² + ७ दळा, पीठ २क्ष च पडतं. पाच की सात, हे दळताना उडून गेलं. म्हणून उलटं येताना 'काहीतरी ठरावीक आकडा होता बुवा' अशी नोंद ठेवायची, ती म्हणजे सी. मुलं ती नोंद विसरतात, कारण ती कशाची आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, घरी येतं ते परीक्षेत जातं कुठे. कुठेही जात नाही. घरी जे आलं ते अर्धंच काम होतं.

गिरणीत रांगेने डबे लागलेले असतात आणि प्रत्येकावर चिठ्ठी असते, 'गहू, ५ किलो', 'ज्वारी, जाड'. पाठ्यपुस्तकातले उदाहरणसंग्रह तसेच असतात. प्रकरणाचं नाव 'इंडेफिनिट इंटिग्रेशन', त्यात एक भाग सबस्टिट्यूशनचा, एक बाय पार्ट्सचा, एक पार्शल फ्रॅक्शनचा. बाय पार्ट्सच्या संग्रहातलं सतरावं गणित सोडवताना कोणती पद्धत वापरायची हे तुमच्या मुलीने ठरवलेलंच नसतं. ते पानाच्या माथ्यावर छापलेलं असतं. तिने दोनदा सोडवलं ते दळणाचं काम. ओळखीचं काम दोन्ही वेळा पुस्तकाने केलं. प्रिलिमच्या पेपरात डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या असतात. आणि परीक्षेहून घरी आल्यावर? तोवर मैत्रिणींच्या बोलण्यातून कळलेलं असतं की 'अगं, ते बाय पार्ट्सचं होतं'. चिठ्ठी परत लागली, गणित सुटलं.

यात माझाही हात आहे, म्हणजे आम्हा मास्तर लोकांचा. सुरुवातीची बरीच वर्षं मी जानेवारीतली उजळणी प्रकरणवार घ्यायचो. सोमवारी मॅट्रिसेस, मंगळवारी व्हेक्टर्स. मुलं खूश, मी खूश. एकदा एका प्रिलिमला सुपरव्हिजनवर होतो. मधल्या बाकावरचा एक मुलगा, वर्गात कायम हात वर करणारा, त्याने हळूच बोलावलं आणि पेपरावर बोट ठेवून विचारलं, "सर, हे कोणत्या चॅप्टरमधलं आहे तेवढं फक्त सांगा. पुढचं मी करतो." मी अर्थातच सांगितलं नाही. पण त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की वर्षभर मी या पोराला पुढचंच तेवढं शिकवलं होतं.

याच गोष्टीची पद्धतशीर परीक्षा अमेरिकेत झालेली आहे. दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातले डग रोहरर आणि केली टेलर यांचा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. महाविद्यालयीन मुलांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला सरावाला एकेका आकृतीची गणितं सलग दिली, दुसऱ्याला चारही आकृतींची मिसळून. सराव करताना सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली आणि मिसळवाल्यांची ६०. तिथेच थांबलं असतं तर आपली जुनी पद्धतच बरी म्हणावी लागली असती. आठवड्याने दोघांचीही परीक्षा घेतली. सलगवाले २० टक्क्यांवर घसरले, मिसळवाले ६३ वर होते. सराव चांगला चालल्यासारखा वाटणं आणि तो परीक्षेत उपयोगी पडणं यांत किती अंतर असतं बघा. म्हणून वही भरलेली दिसली की निर्धास्त होऊ नका.

मग करायचं काय? स्टीलचा एक रिकामा डबा घ्या. मुलीला सांगा, पुस्तकातल्या वेगवेगळ्या संग्रहांतली साठेक गणितं कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरव. चिठ्ठीवर प्रकरणाचं नाव नको, पद्धत नको, उत्तरही नको. मागे फक्त पुस्तकाचा भाग आणि पान क्रमांक. इंडेफिनिट, डेफिनिट, डिफरन्शियल इक्वेशन तर हवंच, पण वर थोडं ट्रिगोनोमेट्रिक फंक्शन्स आणि व्हेक्टर्सही टाका, म्हणजे डब्यात हात घालताना काय निघेल याचा भरवसा नको. रोज संध्याकाळी आठ चिठ्ठ्या काढायच्या. सोडवायच्या नाहीत. प्रत्येकीवर फक्त एक ओळ लिहायची, काय करणार आणि का. 'छेदाचे अवयव पडत नाहीत म्हणून वर्ग पूर्ण करणार.' 'अंशात छेदाचं डेरिव्हेटिव्ह आहे म्हणून सरळ लॉग.' या ओळीतला 'म्हणून' महत्त्वाचा. तो लिहिता आला नाही तर पद्धत बरोबर सांगितली असली तरी ती आठवणीतून आलीय, ओळखीतून नव्हे. दहा मिनिटांत एवढं होतं. मग आठातली कोणतीही दोन शेवटपर्यंत सोडवायची, घड्याळ लावून, डायजेस्ट बंद करून. चुकलेल्या चिठ्ठीचा कोपरा दुमडून ती परत डब्यात.

पहिले आठ-दहा दिवस ती वैतागेल. "आई, मला काहीच येत नाही असं वाटतंय" म्हणेल. त्या प्रयोगातल्या मिसळवाल्यांनाही सराव करताना कमीच आलं होतं, हे तेव्हा तिला सांगा. चिठ्ठ्या काढायचं काम तुम्ही करा. त्याला सायन्स लागत नाही.

प्रश्न : क्लासचे सर म्हणतात, पायऱ्या लिहीत बसलास तर सीईटी गेली. कॉलेजच्या मॅडम म्हणतात, शॉर्टकट दिसला तर मार्क कापीन. मी कोणाचं ऐकू?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : दोघांचंही, पण वेगवेगळ्या वहीत.

आधी हिशेब बघ. बोर्डाचा लेखी पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा. म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं आणि चार गुणांच्या गणिताला नऊ. शेवटी दहा मिनिटं जास्तीची देण्याची पद्धत गेली काही वर्षं चालू आहे, ती यात धरलेली नाही. एमएचटी-सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रत्येकाला १०८ सेकंद. प्रत्येक प्रश्नाला २ गुण, चुकलं तर वजा काही नाही. जेईई मेनमध्ये बरोबरला ४ आणि चुकीला वजा १. तीन परीक्षा, तीन वेगळी माणसं समज. बोर्ड विचारतं 'कसं केलंस ते दाखव', सीईटी विचारते 'झालं का', आणि जेईई विचारते 'नक्की ना?'

एकच गणित दोन्हीकडे कसं वागतं ते बघ. ३क्ष² − ४क्षय − ३य² = ० या समीकरणाच्या दोन रेषांमधला कोन काढा. क्ष² आणि य² यांचे सहगुणक ३ आणि वजा ३, बेरीज शून्य, म्हणून रेषा एकमेकींना लंब. सीईटीत हे तीन सेकंदांचं काम, ९० अंशांवर क्लिक आणि पुढे. बोर्डाच्या पेपरात मात्र सहगुणक लिही, 'ए + बी = ०' ही ओळ लिही, 'म्हणून रेषा परस्परांना लंब' हे वाक्य लिही. तीन ओळी, वेळ एक मिनिट. जी मुलं सहगुणकांकडे न बघता टॅन थीटाच्या सूत्रात उडी मारतात त्यांच्या छेदात शून्य येतं आणि ती पेपर खाली ठेवून पाणी पितात.

पायऱ्यांना बोर्डात पैसे मिळतात हे विसरू नकोस. डेफिनिट इंटिग्रेशनमधलं एक घासून गुळगुळीत झालेलं गणित घे. शून्यापासून पाय बाय टू पर्यंत, अंशात रूट साइन, छेदात रूट साइन अधिक रूट कॉस. यात क्ष च्या जागी (पाय बाय टू − क्ष) घातलं की साइनचा कॉस होतो, कॉसचा साइन. मूळचं 'आय' आणि हे नवं 'आय' यांची बेरीज केली की अंश आणि छेद सारखेच होऊन जातात, आत नुसता १ उरतो, आणि २आय = पाय बाय टू, म्हणजे आय = पाय बाय फोर. मुलं काय करतात? कोणता गुणधर्म वापरला ते न लिहिता दुसरी ओळ टाकतात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यासमोर गठ्ठा असतो, तुझ्या मनात काय होतं ते शोधायला तो बसलेला नसतो. गुणधर्म एका ओळीत लिही. पुढे आकडेमोड चुकली तरी त्या ओळीचा मोबदला हातात राहतो.

सीईटीत मात्र उलटा डाव खेळता येतो. इंडेफिनिट इंटिग्रेशनचं गणित अडलं तर चार पर्यायांचंच डेरिव्हेटिव्ह काढून बघ. तासगावच्या ताईंना वर जी गिरणी सांगितली, ती इथे कामाला येते. धान्य ओळखता येत नसेल तर चारही डबे दळून बघायचे, ज्याचं पीठ जुळेल तो पर्याय. आणि वजा गुण नसताना एकही प्रश्न कोरा सोडून येणं हा निव्वळ आळस आहे. जेईईत हेच करशील तर मात्र पस्तावशील.

डिसेंबरपर्यंत एक वही फक्त बोर्डाची ठेव, पायऱ्यांसकट. सीईटीच्या अभ्यासक्रमात वीस टक्के भाग अकरावीचा असतो, ते पुस्तक रद्दीत देऊ नकोस. सर्कल, परम्युटेशन, कॉम्प्लेक्स नंबर्स वगैरे बारावीच्या धबडग्यात पुरती विसरली जातात आणि मग बोर्डाचा शेवटचा पेपर झाल्यावर पोरं अकरावीचं पुस्तक शोधत शेजारच्या घरी जातात.

प्रश्न : बोर्डाच्या पेपरात एखादं प्रकरण पूर्ण सोडून दिलं तर चालतं का?
– एक विद्यार्थिनी, अलिबाग

उत्तर : चालतं, पण तू समजतेस तितकं नाही. दोन गुणांच्या बारा प्रश्नांतले कोणतेही आठ, तीन गुणांच्या बारांतले आठ, चार गुणांच्या आठांतले पाच. म्हणजे छापलेला पेपर ११२ गुणांचा असतो आणि सोडवायचा ८० चा. पण सुरुवातीचे २० गुण, दोन-दोन गुणांचे आठ बहुपर्यायी आणि एकेक गुणाचे चार, त्यांना ऑप्शन नाही. सोडलेलं प्रकरण नेमकं तिथे डोकं वर काढतं. शिवाय डेफिनिट इंटिग्रेशन सोडलं तर क्षेत्रफळाचं प्रकरणही गेलं, इंडेफिनिट सोडलं तर डिफरन्शियल इक्वेशनही गेलं. त्यापेक्षा लिनियर प्रोग्रॅमिंग आणि मॅथेमॅटिकल लॉजिक या दोन छोट्या प्रकरणांना चार-चार दिवस दे. मेहनतीच्या मानाने ही दोन प्रकरणं फार उदार आहेत.

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता अकरावीत सगळं इंग्रजीत. गणित कळतं पण प्रश्न काय विचारलाय तेच कळत नाही.
– एक विद्यार्थी, कणकवली

उत्तर : तुझ्या दुखण्याला मी फार मानतो, कारण त्याला कोणी दुखणं म्हणतच नाही. 'गणिताला भाषा नसते' असं भाषणात ठोकून देणारे लोक बारावीचा पेपर वाचून बघत नाहीत.

मोठे शब्द तुला छळणार नाहीत. निश्चयक म्हणजे डिटरमिनंट, संभाव्यता म्हणजे प्रॉबॅबिलिटी, हे आठवड्यात बसतं. छळतात ते छोटे शब्द. एक नाणं पाच वेळा उडवलं. 'अ‍ॅट लीस्ट वन हेड' म्हणजे किमान एक छापा. इथे एकही छापा न येण्याची संभाव्यता १/३२ काढायची, ती १ मधून वजा करायची, उत्तर ३१/३२. 'अ‍ॅट मोस्ट वन हेड' म्हणजे जास्तीत जास्त एक छापा. शून्य छापे आणि एक छापा मिळून ६/३२, म्हणजे ३/१६. एका शब्दाच्या फरकाने उत्तर या टोकाहून त्या टोकाला गेलं. 'लाइन अँड प्लेन' मध्ये 'नॉर्मल' येतो, त्याचा अर्थ साधारण नव्हे, तर प्रतलाला लंब असलेली दिशा. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे. तो वाचायचा राहिला तर पहिल्याचा आकडा दुसऱ्याला जातो.

असे चाळीस-पन्नास शब्द आहेत, फार नाहीत. वहीच्या मागच्या पानावर ते लिही, पण शब्दासमोर नुसता मराठी शब्द नको, तो आलेलं एक छोटं गणित लिही. आणि विचार मराठीत कर. कोणी हसलं तर हसू दे. मीही फळ्यावर इंग्रजीत लिहून तोंडाने 'आता हे इकडे घे, ते तिकडे ने' असंच शिकवलं.

प्रश्न : कॅल्क्युलेटर का देत नाहीत?
– एक पालक, चिंचवड

उत्तर : कारण बोर्डाच्या गणिताच्या पेपरात त्याची गरज पडेल असं फारसं काही नसतं. उत्तर पाय बाय फोर किंवा लॉग टू असं ठेवलेलं चालतं. लॉग टेबल वापरायची मुभा आहे. लिनियर प्रोग्रॅमिंगला आलेखाचा कागदही लागत नाही, हाताने काढलेली कच्ची आकृती पुरते, फक्त तिच्यावर बिंदूंची नावं आणि उत्तराचा भाग स्पष्ट दाखवा.

प्रश्न : सर, येत असून हमखास जातात ते मार्क कुठले?
– बारावी सायन्सचा एक अख्खा बाक, कोपरगाव

उत्तर : पहिल्या प्रश्नातले. आठ बहुपर्यायी प्रश्न, १६ गुण. उत्तर लिहिताना पर्यायाचं अक्षर आणि समोरचं उत्तर दोन्ही लिहावं लागतं. नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर गुण नाही. खाडाखोड करून दुसऱ्यांदा लिहिलेलं धरत नाहीत, पहिला प्रयत्न तोच तपासतात. प्रत्येक सेक्शन नव्या पानावर सुरू करायचा. हे सगळं प्रश्नपत्रिकेच्या पहिल्याच पानावर, पहिल्या प्रश्नाच्या वर छापलेलं असतं.